घरून काम तुम्हाला जमेल का? सोलापुरातून सुरुवात करणाऱ्यांसाठी

"मला फारसं बोलायला आवडत नाही. मग घरून काम मला जमेलच ना?" जुळे सोलापुरातल्या, होटगी रोडच्या, पूर्व भागातल्या कितीतरी मुलामुलींनी मला हा प्रश्न विचारलाय. कुणाच्या हातात पुण्याच्या कंपनीचं ऑफर लेटर असतं, कुणी कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला असतं. मी स्वतः सोलापुरात बसून पुण्यातल्या एका कंपनीचं सॉफ्टवेअर टेस्टिंग करते, म्हणून ते माझ्याकडे येतात.

मी त्यांना आधी ऑफिसबद्दल विचार करायला सांगते. ठरलेली वेळ, शेजारचं टेबल, टीम लीडची येता-जाता पडणारी नजर, चारचा चहा या गोष्टी माणसाला नकळत सावरून धरतात. घरून काम म्हणजे हे सगळं एकदम काढून घेणं. ते गेल्यावर तुमच्या स्वभावाचा कोणता भाग ताठ उभा राहतो आणि कोणता वाकतो, हे ओळखायचं, आणि वाकणाऱ्या भागाला टेकू द्यायचा. अबोल माणसालाही टेकू लागतो, बोलक्यालाही लागतो. फक्त जागा वेगळी असते.

सोलापूरला घरून काम नवीन नाही, हेही आधीच सांगते. पूर्व भागात घराघरांत माग होते, आणि विड्या वळणाऱ्या बायका तर आजही घरीच काम करतात. मी अशोक चौकाजवळच्या एका गल्लीत वाढले. शाळेतून आलं की ओट्यावर चार-पाच जणी मांडीवर सूप घेऊन बसलेल्या दिसायच्या. हात विड्यांवर आणि तोंडानं तेलुगू-मराठीत अखंड गप्पा. एक काकू मात्र कधी ओट्यावर आल्या नाहीत. दार लोटून आतल्या खोलीत एकट्या वळायच्या. रोजच्या हजार विड्यांचा आकडा ओट्यावरही पुरा व्हायचा आणि आतल्या खोलीतही. तिसरी एक होती, तिचा आकडा नेहमी मागे राहायचा. ती आळशी मुळीच नव्हती. तिच्याबद्दल पुढे सांगते, कारण घरून काम करणाऱ्या निम्म्या मुलींची गोष्ट मला तिच्यात दिसते.

पायरी १ : चार अक्षरांचा निकाल बाजूला ठेवा

मोबाइलवर दहा मिनिटांत होणारी चाचणी तुम्ही दिली असेल. शेवटी चार अक्षरं येतात, आयएनएफपी किंवा ईएसटीजे अशी, आणि खाली कोणती कामं तुम्हाला शोभतील त्याची यादी. यातलं पहिलं अक्षर तुम्ही अंतर्मुख की बहिर्मुख ते सांगतं. ही विभागणी स्वित्झर्लंडचे मानसोपचारतज्ज्ञ कार्ल युंग यांनी १९२१ च्या ग्रंथात मांडली. त्या विचारावरून अमेरिकेतल्या कॅथरीन ब्रिग्ज आणि त्यांची मुलगी इसाबेल ब्रिग्ज मायर्स यांनी सोळा प्रकारांची 'मायर्स-ब्रिग्ज' चाचणी तयार केली. अडचण अशी की बहुतेक माणसं दोन टोकांच्या मध्ये कुठेतरी असतात. चाचणी मात्र बरोबर मध्ये रेघ मारून त्यांना एका बाजूला टाकते. म्हणून काही आठवड्यांनी तीच चाचणी पुन्हा दिली की बऱ्याच जणांचं एखादं अक्षर बदलतं. नोकरीसाठी माणसं निवडायला ही चाचणी वापरू नये, असं ती चालवणारेच सांगतात. मग तिच्या भरवशावर तुम्ही तरी नोकरी का निवडावी?

संशोधक सहसा पाच गुण वेगवेगळे मोजतात: नेटकेपणा, माणसांत रमण्याची वृत्ती, चिंता करण्याची सवय, जुळवून घेण्याची वृत्ती आणि नव्याची ओढ. हे गुण उंचीसारखे असतात, कुणात कमी, कुणात जास्त, आणि बहुतेकांत मधलेच.

करायचं एवढंच. एक वही घ्या आणि या पाच गुणांना एकेक पान द्या. प्रत्येक पानावर गेल्या वर्षातले दोन खरे प्रसंग लिहा. 'मी शिस्तीची आहे' असं लिहू नका. 'प्रोजेक्ट शेवटच्या रात्री जागून पूर्ण केला' असं लिहा. मग याच पाच गुणांबद्दल दोघांना विचारा, एक घरातलं माणूस आणि एक जिच्याबरोबर किंवा ज्याच्याबरोबर तुम्ही काम किंवा अभ्यास केलाय असं कुणी. तुमचं आणि त्यांचं उत्तर जिथे जुळत नाही ते पान दुमडून ठेवा. पुढच्या पायऱ्यांत तेच कामाला येणार आहे.

पायरी २ : कुणी बघत नसताना हात चालतो का?

पाचांतला सगळ्यात वजनदार गुण नेटकेपणा. ठरवलेलं काम ठरल्या वेळी, कुणी मागे न लागता करणं. मरे बॅरिक आणि मायकल माउंट या दोन संशोधकांनी १९९१ मध्ये आधीचे बरेच अभ्यास एकत्र करून पाहिले. पोलिसांपासून विक्रेत्यांपर्यंत सगळ्या व्यवसायांत चांगल्या कामाशी सातत्यानं जोडलेला गुण हाच निघाला. संबंध फार मोठा नाही, पण सगळीकडे सापडतो. दोनच वर्षांनी त्यांनी व्यवस्थापकांवर केलेला अभ्यास आपल्याला जास्त जवळचा आहे. काम कसं करायचं याचं स्वातंत्र्य ज्यांना जास्त, त्यांच्या बाबतीत नेटकेपणाचा फरक जास्त ठळक दिसला. माणसांत रमण्याच्या वृत्तीचंही तसंच. म्हणजे मोकळीक मिळाली की बोलका माणूस बिघडतो, ही समजूत त्या अभ्यासात टिकत नाही.

स्वतःची परीक्षा अशी घ्या. चौदा दिवसांचं एक काम ठरवा, ज्याची कुणालाच गरज नाही आणि ज्याबद्दल कुणी विचारणार नाही. एखादा मोफत ऑनलाइन कोर्स चालेल. रोज सकाळी साडेनऊला सुरू आणि दोन तास. घरी कुणाला सांगू नका, स्टेटसलाही टाकू नका. कॅलेंडरवर फक्त बरोबर किंवा चूक अशी खूण करा. दहा किंवा अधिक दिवस जमलं तर या गुणाची काळजी सोडा. पाच-सहा दिवसच जमलं तर निराश होऊ नका, पण स्वतःशी खोटंही बोलू नका. हा आकडा माझ्या अनुभवातला आहे, शास्त्रातला नाही.

कमी पडणाऱ्यांसाठी टेकू आमच्या गल्लीतच होता. वळलेल्या विड्या कारखान्यात मोजून द्याव्या लागायच्या. उद्या मोजणी आहे या एका गोष्टीनं अख्खा दिवस बांधला जायचा. तुम्हीही मोजणी मागून घ्या. टीम लीडला पहिल्याच आठवड्यात सांगा: "रोज सहा वाजता मी दिवसभरात झालेलं काम दोन ओळींत पाठवत जाईन." परवानगी बहुतेक वेळा लगेच मिळते, कारण त्यांचीही काळजी कमी होते. दुसरा टेकू म्हणजे जागा. शहरात अभ्यासिका भरपूर आहेत, स्पर्धा परीक्षेची मुलं तिथे दिवसभर बसतात. कॉल घेता येत नाहीत, पण वाचन, कोडिंग, रिपोर्ट लिहिणं अशी मुकाट्यानं करायची कामं तिथे घरापेक्षा दुप्पट होतात. चारी बाजूंना लोक मान खाली घालून बसले असले की आपलीही मान आपोआप खाली जाते.

पायरी ३ : माणसांची भूक मोजा, आणि अबोलांनी जास्त सावध राहा

घरून कामाबद्दलचा सगळ्यात गाजलेला प्रयोग चीनमधला आहे. शांघायच्या सीट्रिप या प्रवास कंपनीच्या कॉल सेंटरमध्ये २०१० च्या अखेरीपासून नऊ महिने तो चालला. स्टॅनफर्डचे अर्थशास्त्रज्ञ निकोलस ब्लूम आणि त्यांचे सहकारी त्यात होते. स्वतःहून पुढे आलेल्या २४९ कर्मचाऱ्यांतून काहींना घरी बसवलं, बाकीचे ऑफिसातच राहिले. घरून काम करणाऱ्यांचं काम १३ टक्क्यांनी वाढलं आणि नोकरी सोडण्याचं प्रमाण निम्म्यावर आलं. इथपर्यंतची गोष्ट सगळे सांगतात. पुढची कमी सांगतात. प्रयोग संपल्यावर प्रत्येकाला पुन्हा निवड करू दिली, तर घरून काम केलेल्यांपैकी साधारण निम्मे ऑफिसला परत गेले. एकटेपणा हे त्यातलं मोठं कारण होतं. आणि अनुभव घेऊन माणसांनी आपापली जागा निवडल्यावर घरून कामामुळे झालेली कामातली वाढ २२ टक्क्यांपर्यंत गेली. स्वभाव ओळखून निवडण्याची किंमत मला या आकड्यात दिसते.

माणसांत रमणाऱ्यांना आपली भूक कळते तरी. ते दुपारी कुणाला तरी फोन करतात, संध्याकाळी पार्क चौकात जाऊन उभे राहतात. त्यांना एवढंच सांगेन की दिवसातला पहिला संवाद सकाळी अकराच्या आत होऊ द्या. ओट्यावरच्या बायकांसारखे दोघं-तिघं मिळून एखाद्याच्या घरी बसलात तर उत्तमच, कंपन्या वेगवेगळ्या असल्या तरी चालतं. फक्त कंपनीच्या गुप्ततेच्या अटी आधी वाचा.

मला जास्त काळजी अबोलांची वाटते, कारण मी त्यातली आहे. ऑफिसात गप्प बसलेला माणूस निदान दिसतो. चेहरा पडलेला दिसला की शेजारचा विचारतो, "काय झालं?" घरून काम करताना तुमची शांतता कुणालाच दिसत नाही. माझ्या पहिल्या नोकरीत एका फोल्डरची परवानगी मला मिळालेली नव्हती. मला वाटलं, माझंच काहीतरी चुकतंय. विचारलं तर एवढंही कळत नाही म्हणतील. तीन दिवस मी तीच स्क्रीन बघत बसले. चौथ्या दिवशी टीम लीडनं स्वतः फोन केला आणि ती परवानगी दोन मिनिटांत मिळाली. रागावले नाहीत. पण "तीन दिवस कुठे होतीस?" हा त्यांचा प्रश्न मला आजही ऐकू येतो.

तेव्हापासून माझा नियम अर्ध्या तासाचा आहे. अर्धा तास स्वतः प्रयत्न करायचा, मग विचारायचंच. मेसेज लिहिताना तीन गोष्टी: काय करायचं होतं, काय काय करून पाहिलं, नेमकं कुठे अडलं. "सर, एक डाउट होता" एवढंच लिहून उत्तराची वाट बघत बसू नका. समोरच्याला एका नजरेत कळेल असं सगळं एकाच मेसेजमध्ये लिहा. अबोल माणसांना लिहिणं बोलण्यापेक्षा सोपं जातं, तेव्हा ही तुमच्या फायद्याची जागा आहे. आणि विचारणं खासगी मेसेजऐवजी टीमच्या ग्रुपवर करा. तुम्ही काम करताय हे चार जणांना दिसतं. सीट्रिपमध्ये घरून काम करणाऱ्यांची कामगिरी वाढूनही त्या मानानं बढत्या कमी मिळाल्या होत्या. नजरेआड राहण्याचा तोटा खरा आहे.

पायरी ४ : मन चिंताळू असेल तर

"वेळ मिळाला की कॉल कर." समोरच्यानं सहज पाठवलेली ही ओळ काही जणांची झोप घालवते. ऑफिसात त्याच माणसाचा हसरा चेहरा दिसला असता आणि विषय तिथेच मिटला असता. चॅटमध्ये चेहरा नाही, मग मन सगळ्यात वाईट अर्थ लावतं. अशा स्वभावाची मुलं कामात बहुधा चोख असतात, पण आपण कमी करतोय या भीतीनं रात्री अकरापर्यंत लॅपटॉप उघडा ठेवतात.

अंदाज बांधायची वेळच येऊ देऊ नका. दर शुक्रवारी दहा मिनिटांचा कॉल मागून घ्या आणि त्यात एकच गोष्ट विचारा: या आठवड्यात काय ठीक झालं आणि पुढच्या आठवड्यात काय बदलू? कामाच्या अपेक्षा लेखी घ्या. संध्याकाळी बंद करायची वेळ ठरवून त्या वेळी घराबाहेर पडा. सिद्धेश्वर मंदिराच्या तळ्याला एक फेरी मारली तरी चालेल. घरी परतताना मनाला ऑफिस सुटल्यासारखं वाटतं, आणि हे वाटणं फार महत्त्वाचं आहे. छातीत धडधड, झोप न लागणं असं आठवडेच्या आठवडे चालू राहिलं तर मात्र डॉक्टरांकडे जा. तिथे फेरी पुरत नाही.

पायरी ५ : 'घरीच हायस की'

आता त्या तिसरीबद्दल. तिला नाही म्हणता यायचं नाही. कुणाचं बाळ सांभाळायचं असलं की तिला हाक, कुणाकडे पापड असले की तिला हाक, सासऱ्यांना दवाखान्यात न्यायचं तर तीच. सगळ्यांना ती आवडायची. रात्री सगळे झोपल्यावर ती दिव्याखाली उरलेल्या विड्या वळायची.

जुळवून घेणारा स्वभाव ऑफिसात वरदान असतो, घरून काम करताना तोच अंगावर येतो. "घरीच हायस की, जरा सिलिंडर घे." "घरीच हायस की, मामा येणारेत, स्टेशनवर जा." आपल्या लोकांचा यात वाईट हेतू नसतो. लॅपटॉपसमोर शांत बसलेलं माणूस काम करतंय हे त्यांना दिसत नाही, सुपातल्या विड्या जशा दिसायच्या तसं. सुनांच्या बाबतीत तर 'घरीच आहे' याचा अर्थ स्वयंपाकही आहेच असा धरला जातो. नवरा त्याच घरातून काम करत असेल तर त्याच्या खोलीचं दार मात्र बंद असतं. हे मी बऱ्याच घरांत पाहिलंय आणि मला ते पटत नाही.

पहिल्या दिवसाआधी घरातल्या सगळ्यांना एकत्र बसवा. चहा करा आणि सांगा: "आई, दहा ते एक आणि दोन ते सहा मी ऑफिसात आहे असं समजा. मध्ये एक तास मी तुमची." पगाराचा आकडा, कामाची वेळ, मीटिंगला उशीर झाला तर काय होतं, हे मोकळेपणानं सांगा. कारण कळलं की ज्येष्ठ माणसं बरंच सांभाळून घेतात. वेगळी खोली नसेल तर एक खूण ठरवा. माझ्याकडे डोक्यावर हेडफोन म्हणजे 'मी घरी नाही' अशी खूण होती. आठवडाभरात शेजारच्या लहान मुलांनाही ती पाठ झाली.

पाण्याचं आधीच गृहीत धरा. आपल्याकडे नळाला रोज पाणी येत नाही, आणि ज्या दिवशी येतं त्या दिवशी घरातला प्रत्येक हात लागतो. लपूनछपून मीटिंगमधून उठण्यापेक्षा ती वेळ कॅलेंडरमध्ये टाका आणि टीमला सांगून टाका. पुण्या-बंगळुरूच्या लोकांना एकदा समजावलं की कुणी काही म्हणत नाही. जानेवारीत सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा असते, तेव्हाची सुट्टी डिसेंबरातच मागा. त्यांच्या कॅलेंडरवर आपली यात्रा छापलेली नसते.

नाही म्हणता न येणाऱ्यांना आणखी एक धोका असतो. 'घरबसल्या डाटा एंट्री करा, आधी नोंदणीचे पैसे भरा' असे मेसेज अशाच भिडस्त मुलामुलींना गाठतात. काम देणारा तुमच्याकडून पैसे घेत नाही. पैसे गेलेच तर लाजू नका, त्याच क्षणी १९३० या सायबर हेल्पलाइनवर फोन करा.

नव्याची ओढ हा पाचवा गुण राहिला. ती फार असेल तर एकाच खोलीतलं एकच काम लवकर कंटाळवाणं होतं. दर महिन्याला शिकायला काहीतरी नवं हाताशी ठेवा, बाकी चिंता नाही.

पायरी ६ : खोलीची परीक्षा

स्वभाव कितीही जुळला तरी वरच्या मजल्यावरच्या पत्र्याच्या खोलीत मे महिन्यात दुपारी डोकं चालत नाही. पारा चाळिशीच्या वर असतो. होकार देण्याआधी ज्या जागी बसणार तिथे दुपारी दोन ते पाच बसून पाहा. लाइट गेली तर राउटर किती वेळ चालतो ते मोजा, मोबाइलचं हॉटस्पॉट त्या कोपऱ्यात पकडतं का ते बघा. पलंगावर बसून काम करू नका. जेवणाचं टेबल, शिलाई मशीनचं टेबल, काहीही चालेल, पण पाय जमिनीला टेकले पाहिजेत.

पायरी ७ : आता निवडा

वही उघडा. नेटकेपणाच्या पानावर चौदा दिवसांचा हिशोब आहे, बाकीच्या पानांवर प्रसंग आहेत, काही पानं दुमडलेली आहेत. ज्या पानावर तुम्ही वाकता असं दिसतं, त्यावर टेकू लिहा. दोन पानांवर वाकत असाल तर बिनधास्त घरून काम घ्या. चार पानांवर वाकत असाल तर आधी हायब्रिड शोधा, म्हणजे काही दिवस ऑफिस, काही दिवस घर. त्याच सीट्रिपमध्ये, तिचं नाव आता ट्रिप डॉट कॉम आहे, १,६०० हून अधिक कर्मचाऱ्यांवर केलेल्या पुढच्या प्रयोगाचे निष्कर्ष २०२४ मध्ये आले. आठवड्यातले दोन दिवस घरून काम करणाऱ्यांची कामगिरी घसरली नाही, आणि नोकरी सोडणाऱ्यांचं प्रमाण एक तृतीयांशानं कमी झालं.

पहिलीच नोकरी असेल तर माझा सल्ला थोडा कडक आहे. शक्य असेल तर पहिले सहा महिने माणसांच्या शेजारी बसून काढा. सीट्रिपनेही घरून काम देताना सहा महिन्यांची नोकरी आणि घरात स्वतंत्र खोली या अटी घातल्या होत्या. पुण्यात राहणं परवडत नसेल, आणि बऱ्याच घरांना ते परवडत नाही, तर महिन्यातून एक-दोन दिवस ऑफिसला बोलवा असं स्वतःहून सांगा. सकाळची हुतात्मा एक्सप्रेस आहे, २०२३ पासून वंदे भारतही आहे. त्या एका दिवसात काम कमी करा, माणसं जास्त भेटा. कोण कशावर हसतं, कोण थेट बोलतं, कोणाला मेसेजपेक्षा फोन आवडतो हे कळलं की पुढचे एकोणतीस दिवस सोपे जातात.

मुलाखतीत शेवटी "काही विचारायचंय का?" असं म्हणतात, तेव्हा तीन प्रश्न तयार ठेवा. नव्या माणसाला पहिल्या महिन्यात शिकवायला कोण असतं? अडलं तर कुठे विचारायचं आणि उत्तराला साधारण किती वेळ लागतो? घरून काम करणाऱ्या कुणाला गेल्या वर्षी बढती मिळाली का? उत्तर देणारा तिसऱ्या प्रश्नाला बराच वेळ थांबला तर ते वहीत लिहून ठेवा, आणि घरी येऊन त्या कंपनीत काम केलेल्या एखाद्या माणसाला फोन लावा.